दारावरचा गालिचा: तुर्कमेन एन्सी ओळखायची कशी, जपायची कशी

प्रश्न थोडक्यात असा: इस्तंबूलच्या बाजारातून एक गडद लाल गालिचा घेतला. रुंदी सव्वा मीटर, उंची दीड मीटरहून थोडी जास्त. मधोमध मोठी फुली, तिने पाडलेले चार चौकोन, वर छोटी कमान आणि एकाच टोकाला एक जादा पट्टा. दुकानदाराने 'जुनी बुखारा जानमाज' म्हणून दिला. ही खरंच नमाजाची चटई आहे का? किती जुनी असेल? आणि पुण्याच्या घरात भिंतीवर टांगली तर टिकेल का?

वर्णनावरून ती जानमाज नाही. ती एन्सी असावी, म्हणजे तुर्कमेन, अर्थात मध्य आशियातल्या भटक्या टोळ्यांच्या, तंबूच्या दारावर टांगायचा लवदार गालिचा. नाहीतर एन्सीच्या नमुन्यावर बाजारासाठी विणलेला नंतरचा गालिचा. दोन्हींतला फरक गालिचा उलटा केल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं उत्तर पाठीबद्दल आहे. पण आधी ही वस्तू दार म्हणून पाहायला शिका. दार म्हणून पाहिलं की तिच्यावरची एकेक गोष्ट जागेवर बसते. चटई म्हणून पाहिलं तर फुली, पट्टा, दोऱ्या, रुंदी यांतल्या कशाचाच मेळ लागत नाही.

तुर्कमेनांचं फिरतं घर म्हणजे 'ओय'. खाली लाकडी पट्ट्यांची उघडमीट होणारी जाळीदार भिंत, वर वाकवलेल्या काठ्यांचं घुमटासारखं छप्पर आणि त्यावर नमद्याचं, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचं, आच्छादन. दार ठेंगणं, वाकूनच आत जायचं. रोजच्या राबत्याला दारावर नमद्याचा जाड पडदा किंवा लाकडी फळ्या असत. लवदार एन्सी लग्नकार्याला, मोठ्या प्रसंगी लागायची आणि एरवी घडी होऊन आत राहायची. मुलगी आपल्या लग्नासाठी जे विणायची त्यातच ही एक. सोबत उंटाच्या दोन कुशींवर टाकायची अस्मालिकची जोडी, सामानाच्या मोठ्या थैल्या म्हणजे चुवल, लहान थैल्या म्हणजे तोरबा, दाराला आतून आपल्या तोरणासारखा बसणारा झालरीचा कापुनुक आणि उंबऱ्यापाशी आडवा लावायचा बुटका गेर्मेच. घराला दार एकच, म्हणून एन्सीही एकच. अस्मालिकसारखी तिची जोडी नसते.

बाजारात तिला 'हाचली' म्हणतात. ते नाव आर्मेनियन व्यापाऱ्यांचं, 'खाच' म्हणजे क्रूस यावरून पडलेलं. विणणाऱ्या बायकांच्या मनात क्रूस नव्हता. अफगाण मालाला व्यापारी 'पर्दा' म्हणतात आणि ते नाव कितीतरी खरं आहे, कारण आपला पडदाही त्याच फारसी शब्दातून आला. 'बुखारा' हे तर केवळ पेठेचं नाव. तुर्कमेनांचा माल बुखाऱ्याच्या बाजारातून पुढे जायचा म्हणून सगळ्याच लाल गालिच्यांवर तो शिक्का बसला. तेक्के, योमुत, सारिक, सालोर, एर्सारी, चोदोर, अराबाची या टोळ्यांची कामं एकमेकांपासून चांगलीच वेगळी असतात आणि 'बुखारा' म्हटलं की हा सारा फरक पुसला जातो.

मांडणी बरीचशी ठरलेली असते. उभी आणि आडवी पट्टी मिळून फुली होते. उरलेल्या चार चौकोनांत दुबेळक्यासारख्या एका छोट्या आकृतीच्या ओळीच ओळी असतात, तिला 'कुश' म्हणजे पक्षी म्हणतात. बाजूंना काठांचे दोन-तीन पट्टे. तेक्के, सारिक, सालोर कामात त्यांपैकी एकात बरेचदा मेंढ्याच्या शिंगांसारखा वळणाचा नमुना असतो, त्याचं नाव सायनाक. खालच्या टोकाला 'एलेम'. साडीला काठ दोन्हीकडे असतात आणि पदर एकाच टोकाला, तसा हा एलेम एकाच टोकाला असतो, आणि पदरासारखाच तो बाकीच्या अंगापेक्षा वेगळ्या तऱ्हेने विणलेला असतो: छोटी झाडं, फुलं, तिरप्या ओळी. चार चौकोन म्हणजे लाकडी दाराच्या चार तावदानांची नक्कल, असं एक मत आहे. कुंपण घातलेल्या बागेचं चित्र, असं दुसरं. आकृतीचा 'अर्थ' सांगून किंमत वाढवणाऱ्या दुकानदाराकडे मात्र दुर्लक्ष करा. अर्थ ऐकून वय कळत नाही आणि टोळीही कळत नाही.

जानमाजीचा गैरसमज झाला तो वरच्या कमानीमुळे. तेक्के एन्सीत उभ्या पट्टीच्या माथ्याला एक लहान टोकदार कमान असते, तिला मेहराब समजलं गेलं. पण ती इतकी लहान असते की तिच्यात माथा टेकायची जागाच नसते. नमाजाला मेहराबीच्या आत मोकळं क्षेत्र लागतं, इथे त्या जागी आडवी पट्टी येऊन सगळं चार तुकड्यांत कापते. तुर्कमेनांकडे नमाजासाठी वेगळी 'नमाझलिक' होती, बरेचदा नमद्याची. योमुत एन्सीत तर बहुधा कमानच नसते. एका माणसाच्या चटईला सव्वा मीटर रुंदी कशाला हवी, हाही विचार करा. ती रुंदी दाराच्या चौकटीवर दोन्हीकडून थोडी चढण्यासाठी आहे.

आता हातात घेऊन तपासा. वरच्या दोन कोपऱ्यांत लोकरी दोऱ्यांचे तुकडे, शिवलेले बंद किंवा निदान ताणून विरलेली भोकं आहेत का पाहा. टांगलेल्या एन्सीचा वजनभार याच दोन जागांवर येतो, त्यामुळे तिथली वीण खाली ओढलेली आणि वरची कड मध्ये किंचित झोळ पडलेली दिसते. वरची कड अनेकदा दुमडून मागे शिवलेली असते आणि खालच्या टोकाला दशा सोडलेल्या असतात. जमिनीवर वापरलेल्या गालिच्याची लव मधोमध झिजते. दारावरच्या एन्सीची कोपऱ्यांत आणि ज्या बाजूने हाताने सारली जाई त्या कडेला जास्त झिजते. उन्हाने दर्शनी बाजू फिकी पडलेली आणि पाठ ताजी, असंही दिसेल. मात्र युरोपात गेलेल्या कितीतरी एन्स्या पुढे शंभर वर्षं जमिनीवर अंथरल्या गेल्या, तेव्हा मधली झीज दिसली म्हणून ती एन्सी नाही असं ठरवू नका.

लवेची दिशा पाहायला लोक शिकतात, पण तिचा अर्थ चुकीचा लावतात. गाठ मारल्यावर सूत खाली, म्हणजे विणून झालेल्या भागाकडे ओढून कापतात, म्हणून लव नेहमी विणकामाच्या सुरुवातीच्या टोकाकडे झुकते. एलेमपासून विणायला घेतलं असेल तर टांगल्यावर लव खाली पडते, जनावराच्या अंगावरच्या केसांसारखी, आणि धूळ खाली झडते. बहुतेक एन्स्या अशाच असतात, पण वरून सुरू केलेल्याही आहेत. म्हणजे लव सांगते ती सुरुवात कुठून झाली एवढंच. वरचं टोक कोणतं हे दोऱ्या आणि एलेम सांगतात. सुरुवात ओळखायची आणखी एक खूण आहे: शेवटाकडे जागा कमी पडते, म्हणून तिथल्या ओळी दाबलेल्या, आकृत्या बुटक्या किंवा अर्ध्यात तोडलेल्या दिसतात. सुरुवातीचं टोक भरघोस आणि मापात असतं.

गालिचा उलटा करा. पहिली गोष्ट, ताणा म्हणजे उभे धागे कशाचे आहेत? जुन्या तुर्कमेन कामात ताणा लोकरीचा असतो, दुपदरी, कडक पिळाचा. तेक्केत तो पांढुरका, एर्सारीत बऱ्याचदा करडा-तपकिरी आणि बकरीचे केस मिसळलेला. दशेचा एक धागा उकलून त्याची अगदी लहान चिमूट जाळा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि काळी ठिसूळ गोळी उरते, कापूस कागदासारखा जळून मऊ राख सोडतो. ताणा पांढऱ्या गिरणीच्या सुती धाग्याचा, एकसारखा आणि गुळगुळीत निघाला तर बहुधा तुमच्या हातात पाकिस्तानी 'बुखारा' आहे. १९४७ नंतर लाहोर आणि कराचीत तेक्के नमुन्यावर असे गालिचे मोठ्या संख्येने विणले गेले. त्यांत देखणे गालिचे आहेत, पण ते तुर्कमेन नव्हेत आणि दारावरचे तर मुळीच नव्हेत.

दुसरी गोष्ट गाठ. समोरून, बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) ओळीवर गालिचा घडी करून लव दोन्हीकडे सारा आणि भिंग लावा. दोन ताण्यांवरून समोर आडवी पट्टी येऊन दोन्ही टोकं मधून बाहेर निघत असतील तर गाठ सममित. एकच धागा पूर्ण वेढला असेल आणि सूत दुसऱ्याच्या फक्त मागून गेलं असेल तर ती असममित. त्यातही उजवा धागा वेढून सूत डाव्याच्या मागून बाहेर आलं असेल तर 'डावीकडे उघडी', उलट असेल तर 'उजवीकडे उघडी'. टोळी ओळखायला नमुन्यापेक्षा हे जास्त कामाचं, कारण नमुना शेजारणीकडून उचलता येतो, पण हाताला लागलेली गाठ सहसा बदलत नाही. तेक्के आणि एर्सारी: बहुधा असममित, उजवीकडे उघडी. सालोर: असममित, डावीकडे उघडी, आणि जोडीतला एक ताणा मागे दबलेला, त्यामुळे पाठीला उभ्या रेघा पडतात. सालोर एन्स्या जगात मोजक्याच आहेत, तेव्हा कोणी सालोर म्हणून विकत असेल तर गाठ स्वतः पाहिल्याशिवाय मान हलवू नका. सारिक: सममित, आणि पांढऱ्या जागी लोकरीऐवजी कापूस भरलेला, जो लोकरीच्या पिवळसर पांढऱ्यापुढे निळसर दिसतो. सारिक कामाचा लाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जांभळट तपकिरीकडे गडद होत गेला. योमुत: बहुधा सममित, कडेला लाल-निळ्या सुताची चौकडी वीण सापडली तर खात्री वाढते. अराबाची: डावीकडे उघडी असममित, रंग चॉकलेटी, बाण्यात कापूस मिसळलेला. चोदोर कामातही जांभळट चॉकलेटी रंग आणि बाण्यात कापूस, पण गाठ उजवीकडे उघडी.

गाठी मोजताना हमखास होणारी चूक सांगतो. ताणा सपाट असेल तर पाठीवर एका गाठीचे दोन ठिपके शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही मोजले की घनता दुप्पट निघते, आणि दुकानातले आकडे कित्येकदा असेच फुगलेले असतात. नमुन्यातली एका गाठीची उभी बारीक रेघ शोधा, तिची रुंदी म्हणजे एक गाठ. मग १० सेंटीमीटरमध्ये आडव्या किती आणि उभ्या किती ते मोजून गुणाकार करा. तेक्के एन्सीत आडव्या ४० आणि उभ्या ६० भरल्या तर एका चौरस डेसिमीटरला २४०० होतात. १२५ बाय १५५ सेंटीमीटरच्या अंगात अशा गाठी साधारण ४ लाख ६५ हजार भरतील. दिवसाला ८००० गाठी घातल्या तरी निव्वळ विणायला ५८ दिवस, आणि लोकर कातणं, रंगवणं, ताणा लावणं वेगळंच. एर्सारी काम याहून बरंच विरळ असतं. विरळ म्हणजे हलकं, असं मात्र नाही. एर्सारींची चकचकीत लोकर आणि तिच्यावर खुललेला पिवळा रंग दाट गाठींच्या निर्जीव गालिच्यापेक्षा कितीही सरस.

वाकडेपणाबद्दलही लोक उगाच घाबरतात. तुर्कमेन माग जमिनीवर आडवा असतो: दोन दांडे, चार खुंट्या, मध्ये ताणलेला ताणा. विणताना ओळ झाली की बाणा घालायचा, 'दराक' नावाच्या जड फणीने ठोकून बसवायचा, सूत 'केसेर' नावाच्या सुरीने कापायचं आणि लव कात्रीने सारखी करायची. मुक्काम हलवायचा तर खुंट्या उपटून सगळं गुंडाळायचं आणि नव्या जागी परत ताणायचं. दुसऱ्या वेळचा ताण पहिल्याइतका बसत नाही. म्हणून वरची आणि खालची रुंदी ४-५ सेंटीमीटरने वेगळी निघते, एक बाजू लांब होते, मधल्या एका ओळीनंतर लाल रंगाची छटा बदलते. छटा बदलते ती दुसऱ्या वेळी रंगवलेल्या लोकरीमुळे. हे दोष नव्हेत. दोष असतो तो कडेचा ताणा सैल सोडल्यामुळे येणारा लाटांचा झोल. तो जमिनीवर फारसा दिसत नाही, पण भिंतीवर उठून दिसतो आणि धुऊन जात नाही.

वय ठरवायला रंग सगळ्यांत उपयोगी, पण त्यांची भाषा नीट ऐकावी लागते. जुना लाल मंजिष्ठेच्या जातभाईच्या मुळाचा. तुरटी लोकरीच्या वजनाच्या १५ ते २० टक्के, मुळाची पूड लोकरीच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत, आणि पाणी ७० अंशांच्या खाली. उकळी फुटली की मुळातला तपकिरी अंश सुटतो आणि लाल विटकरी होतो. पाण्यात चुना असेल तर लाल खुलतो. निळा निळीचा, आणि ही नीळ बरीचशी हिंदुस्थानातून, मुलतानी व्यापाऱ्यांच्या काफिल्यांतून अफगाण प्रदेश ओलांडून बुखाऱ्याला जायची. काही जुन्या कामांत रेशमाचा जांभळट गुलाबी दिसतो तो लाखेचा, आणि लाखही आपल्याकडचीच. किरमिज किड्याचा लाल अमेरिकेतून युरोप-रशियामार्गे आला आणि एकोणिसाव्या शतकात वाढला. पिवळा स्थानिक 'इस्पराक' रोपाचा किंवा डाळिंबाच्या सालीचा. गडद तपकिरी-काळा रंग सालीतल्या तुरट द्रव्यावर लोखंड चढवून, हिराकशीसारख्या क्षाराने करत. लोखंड लोकरीला खातं. म्हणून जुन्या एन्सीत काळ्या रेघांची लव आजूबाजूपेक्षा खचलेली असते आणि नमुना कोरल्यासारखा उठतो. ही खचण वयाची चांगली खूण आहे, पण काही जण ती कात्रीने कापून तयार करतात. बोटाने चाचपा: खरी खचण खडबडीत, असमान असते, कापलेली सपाट.

कृत्रिम रंग इथे १८८० च्या दशकापासून झपाट्याने शिरले. जानेवारी १८८१ मध्ये रशियन फौजेने गोक-तेपेचा किल्ला पाडला आणि तेक्केंचं स्वातंत्र्य संपलं. १८८४ मध्ये मर्व हे शहरही रशियाकडे गेलं. कास्पियन किनाऱ्यावरून निघालेली रेल्वे १८८८ मध्ये समरकंदला पोचली. पुड्यांतले स्वस्त रंग त्याच वाटेने आत आले आणि घरातले गालिचे त्याच वाटेने बाहेर गेले. फुक्सीन हा १८५९ सालचा किरमिजी-जांभळा, तो उन्हात करडा-बदामी होतो. लव बोटांनी उघडून टोक आणि मूळ यांची तुलना करा: टोकाला करडं आणि तळाशी भडक जांभळं दिसलं की निकाल लागला. १८७८ नंतरचा एक अॅझो लाल, पोन्सो, नारिंगी झाक असलेला. तो उडतो कमी, पण पाण्यात सुटतो. पांढऱ्या ओल्या फडक्याने मिनिटभर दाबून पाहा आणि शेजारच्या पांढऱ्या लवेला गुलाबी डाग लागलेत का तेही पाहा. सगळ्यात फसवे विसाव्या शतकातले क्रोम रंग, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने पक्के केलेले कृत्रिम रंग. ते उडतही नाहीत, सुटतही नाहीत. 'रंग सुटला नाही म्हणजे वनस्पतीचा' हा निष्कर्ष म्हणूनच चूक. क्रोम रंग ओळखायची डोळ्याची खूण एकच: छटेत जीव नसतो, मैदानाचा, म्हणजे गालिच्याच्या मधल्या भागाचा, लाल या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा निर्विकार. खात्री हवी तर प्रयोगशाळेत रंगाचं पृथक्करण करतात, त्याला सुताचा छोटा तुकडा पुरतो. कार्बनची तपासणी मात्र अशा गालिच्यांना क्वचितच उपयोगी पडते. १६५० ते १९५० या काळात तिचा आलेख इतका वरखाली होतो की उत्तर तीनशे वर्षांच्या पट्ट्यात कुठेही पडतं.

एकाच आकृतीवरून 'अठराव्या शतकातली' असं ठामपणे सांगणाऱ्याला रंग आणि गाठ दाखवायला सांगा. रशियन संग्राहक सामुइल दुदिनने १९०० ते १९०२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहासाठी मध्य आशियात फिरून जे जमवलं, तेव्हाच जुन्या आणि नव्या मालातला फरक तिथल्या लोकांना स्पष्ट कळत होता. आपण आज शंभरहून अधिक वर्षांनी पाहतो आणि मधल्या काळातही एन्सीचा नमुना विणणं थांबलं नव्हतं. अफगाणिस्तानच्या उत्तरेला एर्सारी आणि इतर तुर्कमेनांनी विसाव्या शतकात हजारो 'पर्दे' निर्यातीसाठी विणले: अंगाने जाड, लव उंच, एलेम आखूड किंवा नाहीच, टांगायच्या दोऱ्यांचा पत्ता नाही. त्यांतले काही युरोपात रासायनिक धुलाईने सोनेरी केले गेले, म्हणजे लाल रंग मारून पिवळसर केला. अशा गालिच्याची पाठ लालच राहते आणि लोकर कोरडी, भुसभुशीत लागते. त्यावर पैसे घालू नका.

खरेदी आधीच झाली आहे, तरी दुरुस्तीचा घोटाळा तपासून घ्या. फाटलेला एलेम कापून टाकलेला असू शकतो: खालच्या टोकाला कड नवी ओवलेली आणि नमुना मध्येच तुटलेला दिसेल. बाजूचा एक काठ कापून दोन्ही बाजू सारख्या केलेल्या असतात. विरलेल्या जागी ताणा उघडा पडला की तो लाल शाईने रंगवतात. लव उघडून ताण्याचा रंग पाहा: पांढरा, करडा किंवा तपकिरी असायला हवा, लाल दिसला तर रंगवलेला. ही शाई पुढे धुताना पसरते, म्हणून धुण्याआधी हे कळलंच पाहिजे.

आता पुण्याची भिंत. दक्षिणेचं किंवा पश्चिमेचं ऊन जिथे येतं ती भिंत सोडा. बाहेरून पाऊस मारणारी भिंतही सोडा, कारण पावसाळ्यात तिच्या आतल्या बाजूला ओल धरते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी सुरू होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती त्याहून बरीच वर जाते. गालिच्याच्या मागे २ ते ३ सेंटीमीटर हवा खेळती राहील अशा लाकडी पट्टीवर टांगा. एवढ्या आकाराच्या एन्सीचं वजन साधारण ५ ते ७ किलो भरतं. जुन्या दोऱ्यांवर, खिळ्यांवर किंवा चिमट्यांवर ते देऊ नका. कोपऱ्यांची वीण आधीच थकलेली असते. ५ सेंटीमीटर रुंदीची कोऱ्या सुताची पट्टी घ्या, तिच्यावर वेल्क्रोची मऊ बाजू मशीनने शिवा, मग ती पट्टी गालिच्याच्या वरच्या कडेला मागून हाताने टाचा. टाके दोन-तीन ताण्यांच्या धाग्यांभोवती फिरले पाहिजेत, नुसत्या लवेत अडकले की वर्षभरात सुटतात. वेल्क्रोची खरबरीत बाजू लाकडी पट्टीवर स्टेपल करा. वजन सबंध रुंदीवर सारखं वाटलं जातं आणि आग लागली किंवा पाणी गळलं तर एका ओढीत गालिचा काढता येतो. एलेम खाली ठेवा. चौकोनांतल्या आकृत्या कोणत्याही दिशेने सरळच वाटतात, त्यामुळे पुष्कळ घरांत, अगदी प्रदर्शनांतही, एन्सी उलटी टांगलेली दिसते.

कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, हा खरा शत्रू. अळ्या उघड्या भागाला फारसं लागत नाहीत, त्या पाठीमागे आणि दुमडलेल्या कडेत बसतात. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गालिचा उतरवून मागची बाजू, विशेषतः वरची दुमड, ब्रशने हलकेच झाडा. व्हॅक्यूम लावायचा तर कमी ताकदीवर आणि मध्ये नायलॉनची जाळी धरून, लवेच्या दिशेने. तांदळाच्या दाण्यासारखे कोष दिसले तर गालिचा पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर दव धरेल. कडुनिंबाचा पाला कपाटात घातला तर चालेल, पण त्याने अळ्या मरत नाहीत. डांबरगोळ्या लोकरीला लागूच देऊ नका, वास वर्षानुवर्षं जात नाही आणि त्यांची वाफ माणसालाही अपायकारक आहे.

धुलाई शक्यतो टाळा. धुवायचीच असेल तर आधी प्रत्येक रंगावर वेगळ्या ओल्या फडक्याची चाचणी घ्या, लाल दोन-तीन प्रकारचा असतो आणि त्यातला एकच सुटतो. कोमट नव्हे, थंड पाणी. साबण नव्हे, तटस्थ डिटर्जंट. गालिचा उभा न टांगता सपाट जाळीवर, पंख्याखाली वाळवायचा. ओला गालिचा टांगला की सुटलेला रंग खाली ओघळतो आणि पांढऱ्या रेघा कायमच्या गुलाबी होतात. साध्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात देऊ नका.

काही काळ उतरवून ठेवायची असेल तर घडी नको. १० ते १५ सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर आधी धुतलेला कोरा मांजरपाट गुंडाळा, मग लव बाहेर ठेवून, लवेच्या दिशेने एन्सी गुंडाळा आणि वरून पुन्हा मांजरपाट. प्लास्टिक नको, आत दमट हवा कोंडते. बाहेर चिठ्ठी बांधा: कोणतं टोक वरचं, कोणत्या बाजूला एलेम, रंगांची चाचणी कधी घेतली आणि कोणता रंग सुटला.

आधी ताणा, गाठ आणि वरच्या दोन कोपऱ्यांची जवळून छायाचित्रं काढा. काळ्या रेघांची लव उघडून तळाचा रंग दिसेल असं एक छायाचित्र आणि एलेमच्या खालच्या कडेचं दुसरं. समोरून काढलेल्या एका मोठ्या सुंदर छायाचित्रापेक्षा या पाचांवरून टोळी आणि वय सांगणं कितीतरी सोपं जातं.